दोब्रिलाच्या कंबरेचं माप

सर्बियातल्या स्मेदेरेवोच्या बाजारामागच्या गल्लीत दोब्रिलाचं शिवणाचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल आणि पडद्याआड कपडे बदलायला हातभर जागा. सव्वीस वर्षं ती गावातल्या बायकांची मापं घेत होती. कोण पोट आत ओढून उभी राहते, कोण टेप लागताच श्वास रोखते, हे तिला पाठीमागे उभी असतानाही कळायचं.

"श्वास सोडा बाई," ती म्हणायची. "मला फसवाल हो, पण जेवायला बसल्यावर चेनला कसं फसवाल?"

बायका हसायच्या आणि श्वास सोडायच्या.

एकोणपन्नासाव्या वर्षी, ऑगस्टमध्ये, तिने स्वतःच्या निळ्या स्कर्टची कंबर तिसऱ्यांदा उसवली. शिलाईत ठेवलेली माया संपली होती. शेवटी तिने दोन्ही बाजूंना वेगळ्या कापडाची पट्टी जोडली. ती पट्टी नवऱ्याच्या नजरेतून सुटली नाही.

"पुन्हा वाढवलास?" झिवोरादने जेवताना विचारलं.

"धुण्यात आटला."

ती थाप होती, आणि ती मारायला नको होती हे तिला तेव्हाच जाणवलं. कारण झिवोरादचं पोटच मुळी थापा पकडण्यावर चालत होतं. तो गावाच्या पाणीपुरवठ्यात मीटर वाचायला होता. कोणी मीटरला चुंबक लावतं, कोणी बागेत वेगळा नळ काढतं, कोणी ऐन वेळेला कुत्रा मोकळा सोडतं. तीस वर्षांत त्याने सगळ्या तऱ्हा पाहिल्या होत्या. स्वतः वाळक्या शेंगेसारखा होता. पाव, डुकराची चरबी, राकियाची दारू, काहीही घातलं तरी अंगाला लागायचं नाही. त्यामुळे ज्यांच्या अंगाला लागतं, ते लपून जास्त खात असणार, अशी त्याची पक्की समजूत होती.

"पाणी हवेत जात नाही," तो म्हणाला. "गेलं तर कुठून तरी गेलेलं असतं. आणि माणूसही हवेने फुगत नाही. तोंडावाटेच आत जातं."

त्याने ऑफिसातल्या कुणाकडून तरी आहाराचा कागद आणला. सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी कोबी, रात्री दही. पाव बंद. चीज भरलेले पापुद्रे बंद. दोब्रिलाने वाद घातला नाही. पोट तिलाही नको होतंच. खाली वाकून दोरा ओवताना श्वास लागायचा, रात्री एका कुशीवर झोपता यायचं नाही. दर रविवारी सकाळी कॉफीच्या आधी ती न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभी राहायची आणि झिवोराद चष्मा लावून आकडा वाचायचा.

पहिल्या आठवड्याला एक्क्याऐंशी. तिसऱ्याला एक्क्याऐंशी. पाचव्याला साडेऐंशी.

"काटा बिघडलाय," दोब्रिला म्हणाली.

झिवोराद स्वतः चढला, उतरला. मग पाच किलोची पिठाची पिशवी ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. त्याने पिशवी परत जागेवर नेऊन ठेवली. त्याचं न बोलणंच तिला जास्त लागलं.

सप्टेंबरात त्यांनी नेहमीसारख्या अंगणात लाल मिरच्या भाजल्या, सोलल्या, आणि ऐवारच्या, म्हणजे त्या मिरच्यांच्या चटणीच्या, बावीस बरण्या भरून तळघरात ठेवल्या. ऑक्टोबरच्या मध्याला पाहुण्यांसाठी एक उघडावी म्हणून ती खाली गेली. पुढच्या रांगेतल्या दोन बरण्या आधीच उघडलेल्या होत्या. त्या तिनेच मागच्या आठवड्यात उघडल्या होत्या, झिवोरादच्याच डब्यासाठी. काचेवर पेन्सिलीची बारीक रेघ होती, बरोबर ऐवारच्या पातळीला. मग तिने बाकीचंही पाहिलं. मधाच्या बरणीला रेघ. जर्दाळूच्या मुरंब्याला रेघ. चरबीच्या डब्याला आतून नखाने ओरखडा.

ती तळघराच्या पायरीवर बसून राहिली. तिला चोरी पकडली गेल्यासारखी लाज वाटली, आणि चोरी केलेलीच नाही हे आठवून ती लाज आणखी वाढली. संध्याकाळी तिने त्याला काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून घरात त्याच्यासमोर घास तोंडात घालताना तिचा हात जड व्हायचा.

यात मध्ये पडली ती रोसांदा. ती झिवोरादची थोरली बहीण, शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेली. गळ्यात शिट्टी नसली तरी असल्यासारखीच बोलायची.

"कोबी खाऊन पोट जातं, हे तुला कुठल्या गाढवाने सांगितलं?" ती भावाला म्हणाली. "खाणं कमी केलं की माणूस चिडचिडा होतो, बास. पोट घामाने जातं. वहिनी, उद्यापासून सहा वाजता नदीवर."

"घाम गाळून आली की दुप्पट खाईल," झिवोराद म्हणाला.

"तू तुझे मीटर बघ."

"मी तेच बघतोय."

दोघं बहीणभाऊ तिच्या पोटाबद्दल असे भांडायचे, जणू वडिलांच्या जमिनीचा बांध मध्ये आहे. दोब्रिला कॉफी ओतत राहायची. तिला कोणी विचारलं नाही की तुला काय वाटतं. विचारलं असतं तरी तिला नीट सांगता आलं नसतं. तिला फक्त काहीतरी खटकत होतं.

ती दोन्ही करू लागली. सकाळी अंडं खाऊन डॅन्यूबच्या काठाने किल्ल्याच्या शेवटच्या बुरुजापर्यंत जायचं आणि परत. रोसांदा दहा पावलं पुढे, हात हलवत. नोव्हेंबरात धुकं इतकं असायचं की नदीवरून जाणारा पडाव नुसता ऐकू यायचा. पाय सुधारले, दम सुधारला. पण घरी आल्यावर गालिच्यावर पडून पोटाचे व्यायाम करायचे, तिथे घोडं अडायचं. ती वर उठू लागली की पोटात काहीतरी जड एका बाजूला कलंडायचं, पाण्याने भरलेली रबरी पिशवी कलंडावी तसं.

"ताई, आत काहीतरी हलतं."

"आळस हलतो," रोसांदा म्हणाली. "दहा झाले का?"

"चार."

"चार? मला फसवतेस का? सहावीतल्या मुली मला असंच सांगायच्या."

रोसांदा वाईट नव्हती. पण तिलाही हळूहळू भावासारखंच वाटू लागलं होतं. इतकं चालून, इतकं कमी खाऊन आकडा हलत नाही म्हणजे दुकानात, मशिनीच्या खणात, काहीतरी असणार. एकदा ती न सांगता दुकानात आली आणि बोलता बोलता तिने खण उघडला. त्यात रिळं, बटणं आणि खडू होता. तिने तो बंद केला आणि हवेबद्दल बोलू लागली. दोब्रिलाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

मग ती दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होते, बाहेर बाकावर चौदा माणसं होती. त्यांनी रक्तदाब घेतला, थायरॉइडची तपासणी लिहून दिली.

"तुमच्या वयात पोट सुटतंच," ते म्हणाले. "कमी खा, चाला."

"चालते. खातही नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं. ती नजर तिला ओळखीची होती. घरी रविवारी काट्याजवळ असायची तीच.

"मग आणखी चाला," ते म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. पोटाला त्यांनी हात लावला नाही.

डिसेंबरात संत निकोलाचा दिवस आला. तो झिवोरादच्या घराण्याचा संत, त्यामुळे त्या दिवशी न बोलावता सगळे येतात. ख्रिसमसआधीच्या उपासाचा काळ, मांस बंद, म्हणून मासे, पावटे, अक्रोडाच्या वड्या. दोब्रिला दोन दिवस स्वयंपाकघरात उभी होती. तिने काळा सैल झगा घातला होता, तो तिनेच घाईने शिवला होता. मेणबत्ती पेटली, पुरोहित येऊन गेला, लोक बसले. झिवोरादची येलिसावेता मावशी, वय ब्याऐंशी, कानाने बहिरी आणि म्हणून मोठ्याने बोलणारी, दोब्रिलाला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "काय गं, इतक्या उशिरा? असू दे. उशिराचं फळ गोड असतं. कितवा महिना?"

कुणीतरी हसलं. दोब्रिलाही हसली, कारण दुसरं काय करणार.

"मावशी, कोबीचा महिना आहे," ती म्हणाली आणि माशांची थाळी पुढे केली.

लोक मोकळे झाले. झिवोराद हसला नाही. तो तिच्याकडे पाहत होता, जमिनीखालून जाणारा चोरीचा पाइप एखाद्याला अचानक दिसावा तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भांडी पुसत असताना तो दारात येऊन उभा राहिला.

"तसं आहे का?"

"कसं?"

"मावशी म्हणाली तसं."

दोब्रिलाने थाळी खाली ठेवली. दोघांनाही ठाऊक होतं की दीड वर्षात त्यांच्यात नवराबायकोसारखं काही घडलेलं नव्हतं. म्हणजे हा प्रश्न एकटा नव्हता, त्याच्या पोटात दुसरा होता.

"आणि तसं असलं तर काय विचारणार आहेस पुढे?" ती म्हणाली.

त्याने टोपी घातली आणि सुट्टी असूनही बाहेर गेला.

तिने भांडी तशीच टाकली आणि दुकान गाठलं. दाराची कडी लावली, पडदा ओढला, हीटर चालू केला, आणि आतल्या आरशासमोर कपडे उतरवले. मग अनोळखी गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं तिने स्वतःचं सगळं माप घेतलं. फक्त कंबर नाही. मनगट, दंड, गळा, छाती, नितंब, मांडी. प्रत्येक आकडा वहीत लिहिला. मग जुनी वही काढली. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नासाठी तिने स्वतःला पोशाख शिवला होता, तेव्हाची मापं त्यात होती.

दंड चार सेंटिमीटरने कमी. मांडी सहाने. गळा दोनने. नितंब पाचने. कंबर तेवीसने जास्त.

ती स्टुलावर बसली आणि पुन्हा टेप लावली. लठ्ठ बाई बसली की पोटाला घडी पडते, कापड त्या घडीत अडकतं, म्हणून बसल्यावरची चार बोटं नेहमी जास्त धरायची. हे तिला पोरवयात, शिवण शिकवणाऱ्या बाईने सांगितलं होतं. तिच्या पोटाला घडी पडली नाही. ते तसंच पुढे आलं, ताठ. ती इस्त्रीच्या टेबलावर आडवी झाली. चरबी आडवं झाल्यावर दोन्ही कुशींना ओघळते. हे ओघळलं नाही. डोंगरासारखं वर उभं राहिलं, किंचित डावीकडे. तिने बोटांनी चाचपलं. कडा लागत होती.

सव्वीस वर्षांत हजारो पोटं तिच्या हाताखालून गेली होती. असं एकही नव्हतं.

तिला भीती वाटली, पण भीतीच्या आधी, क्षणभरच का होईना, सुटल्यासारखं वाटलं. मी खोटं बोलत नव्हते.

घरी तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगून काय झालं होतं आजवर? गिऱ्हाइकांपैकी एकीने बेलग्रेडमधल्या एका खाजगी सोनोग्राफीचा पत्ता दिला. ख्रिसमसच्या आधीच्या बुधवारी ती म्हणाली, "बेलग्रेडला जाते. अस्तराचं कापड आणायचंय."

"बुधवारी?" झिवोरादने विचारलं. ती घाऊक खरेदीला नेहमी सोमवारी जायची.

"बुधवारी."

सोनोग्राफीची डॉक्टरीण पन्नाशीची होती. थंड जेल लावून तिने यंत्र फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं, आणि पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

"हे कधीपासून वाढतंय?"

"दोन वर्षं तरी."

"आणि कुणी हात लावून पाहिलं नाही?"

"मीच पाहिलं. मी शिवणकाम करते."

हसावं की नाही हे न कळून डॉक्टरणीने तिचा खांदा दाबला. डाव्या अंडाशयावर गाठ होती, पाण्याने भरलेली, सव्वीस सेंटिमीटरची. दिसायला साधी होती, पण काढून तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. ऑपरेशन लवकर करायला हवं.

"म्हणजे मी कितीही कमी खाल्लं असतं तरी..."

"तुम्ही उपाशी राहिलात. ती नाही राहिली."

दोब्रिला कागद घेऊन बाहेर आली तेव्हा रस्त्याच्या पलीकडे, वर्तमानपत्रांच्या टपरीशी, झिवोराद उभा होता. अंगात पाणीपुरवठ्याचं जाकीट, मागे सहकाऱ्याची पिवळी गाडी. तो बसच्या मागोमाग आला होता.

तो रस्ता ओलांडून आला. "अस्तर इथे मिळतं?"

तिने कागद त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावला आणि मीटर वाचतो तसा, वरून खाली, दोनदा वाचला.

"हे सव्वीस कशाचे?"

"सेंटिमीटरचे. गाठ आहे."

त्याने दोन्ही हातांत अंतर धरून पाहिलं. "आणि मूल?"

"मूल नाही, झिवोराद. तुझं नाही, कुणाचंच नाही."

माणसं त्यांना वळसा घालून जात होती. त्याने कागद घडी घालून तिला परत दिला. मग म्हणाला, "म्हणजे तू खरंच खात नव्हतीस?"

दोब्रिलाला वाटलं होतं तो विचारेल, दुखतं का. विचारेल, मरणार तर नाहीस ना.

"हा पहिला प्रश्न आठवला तुला," ती म्हणाली.

"गाडी आहे. चल, बस त्यात."

"माझं परतीचं तिकीट काढलंय."

ती बसनेच आली. मागच्या सीटवरून तिला काचेतून पिवळी गाडी दिसत होती. ती प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि पुन्हा मागे लागत होती, थेट स्मेदेरेवोपर्यंत.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ साडेसात किलोची निघाली. तपासणीचा निकाल यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत झिवोराद रोज दवाखान्यात यायचा, पलंगाशी टोपी हातात धरून बसायचा, आणि नर्सांना विचारायचा की सगळं काढलं हे कशावरून, वजन कुणी केलं, कोणत्या काट्यावर. नर्सा त्याला टाळू लागल्या. निकाल चांगला आला. गाठ साधीच होती.

रोसांदा एकदाच भेटायला आली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "मी तुला आळशी म्हणाले."

"म्हणालीस."

"खणही उघडला होता मी तुझा."

"माहीत आहे, ताई."

रोसांदाने नाक शिंकरलं. दोब्रिला घरी यायच्या आधी तिने सगळ्या घराच्या खिडक्या धुतल्या, पडदे धुतले, आणि तळघरातल्या बरण्या ओल्या फडक्याने पुसून काढल्या. रेघा दिसल्यावर तिने भावाला काय सुनावलं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही.

घरी आल्यावर पहिल्या दुपारी झिवोरादने पावट्यांचा रस्सा केला. त्यात धुरी दिलेल्या मांसाचे तुकडे घातले, जाड पाव कापला, आणि तिच्यासमोर ताट ठेवून समोर बसला. तिने चमचा उचलला. तो पाहत होता. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, तिने पोटभर खावं असंही त्याला वाटत होतं. पण नजर तीच होती, त्याला दुसरी नव्हती. चमचा अर्ध्यावर थांबला.

"तू बाहेर जा," ती म्हणाली. "मग जेवते."

"का?"

"जा म्हणते ना."

तो उठला. खिडकीतून तिला तो अंगणात दिसत होता, थंडीत, हात खिशात घालून, घराकडे पाठ करून उभा. तिने सगळा रस्सा संपवला, पाव पुसून खाल्ला, आणि आणखी वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने सांगायच्या आधीच तो बाहेर गेला. तिसऱ्या दिवशीही. त्याच्या या बाहेर जाण्याकडेही ती संशयानेच पाहायची. हा पश्चात्ताप आहे की नवी एखादी पाळत? एकदा तिने दार हळूच उघडून पाहिलं. तो खरंच कुंपणाशी उभा होता, शेजाऱ्याच्या कोंबड्या बघत.

मार्चमध्ये ती दुकानात बसू लागली. नदीवर चालणं तिने सोडलं नाही, पण आता एकटी जायची आणि वाटेल तेव्हा परत फिरायची. रोसांदाने एकदा सोबत येऊ का म्हणून विचारलं. दोब्रिला म्हणाली, "ये, पण माझ्या मागे चाल." रोसांदा मुकाट मागे चालली.

ईस्टरच्या सकाळी, रंगवलेली अंडी टेबलावर असताना, झिवोराद सवयीने टोपी घेऊन दाराकडे निघाला.

"बस," दोब्रिला म्हणाली.

तो बसला. तिच्याकडे न पाहता त्याने आपलं अंडं सोललं. तिनेही सोललं. मधे एकदा त्याने मान वर केली तेव्हा ती त्याच्याकडेच पाहत होती. कधीपासून पाहत होती हे त्याला कळलं नाही. त्याने मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली, आणि तिने ती घेतली.